घरच्या रेडिएटरची देखभाल आणि रंगकाम: आधी पाणी, मग पत्रा, शेवटी रंग

रेडिएटर पिवळा पडला, कडेला गंज दिसू लागला किंवा रंगाचे पोपडे सुटले, की आपण थेट रंगाचा डबा आणायला निघतो. माझा आग्रह उलट क्रमाचा आहे. रेडिएटर आधी खोली उबदार ठेवण्यासाठी आहे, दिसण्याचा प्रश्न त्यानंतरचा. आत हवा अडकली असेल, तळाशी गाळ बसला असेल किंवा व्हॉल्व्ह चिकटला असेल, तर वरून कितीही सुबक रंग दिला तरी खोली थंडच राहते. रंग दिल्यावर ती दुरुस्ती काढली, तर नव्या रंगावर पान्याचे ओरखडे आणि काळ्या पाण्याचे ओघळ येतात. म्हणून आधी आतलं पाणी, मग पृष्ठभाग आणि सगळ्यात शेवटी ब्रश.

हा लेख बॉयलरचं गरम पाणी फिरवणाऱ्या रेडिएटरबद्दल आहे, मग तो पत्र्याच्या पॅनेलचा असो किंवा जुन्या पद्धतीचा बिडाचा, उभ्या खांबांचा. वाफेवर चालणाऱ्या रेडिएटरचे नियम वेगळे आहेत, ते पुढे येतील. तेल भरलेला विजेचा रेडिएटर मात्र कधीही उघडायचा नसतो. घर भाड्याचं असेल तर पाइपाला पाना लावण्यापूर्वी मालकाची परवानगी घ्या.

तळहात लावून तपासणी

हीटिंग सुरू करून अर्धा-पाऊण तास थांबा. मग तळहात जपून, क्षणभरच टेकवत रेडिएटरच्या वरच्या कडेपासून खालपर्यंत न्या. पृष्ठभाग ७० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेला असू शकतो, त्यामुळे हात ठेवून थांबू नका.

वरचा भाग थंड आणि खालचा गरम असेल तर आत हवा आहे. वर आणि दोन्ही बाजूंना गरम, पण खाली मधोमध थंड, असं असेल तर तो गाळ. बाकीचे सगळे तापले आणि एकच पूर्ण थंड राहिला, तर संशय व्हॉल्व्हवर घ्या. बॉयलरजवळचे रेडिएटर कडकडीत आणि लांबचे कोमट असतील तर पाण्याची वाटणी बिघडली आहे. त्यात त्या लांबच्या रेडिएटरचा दोष नाही.

त्याच फेरीत प्रत्येक नटाभोवती कोरडा टिश्यू पेपर फिरवा. डोळ्याला न दिसणारा ओलावा कागदावर लगेच उमटतो. पितळी जोडावर हिरवट-पांढरी पुटं दिसली तर तिथून कधीतरी पाणी झिरपलेलं आहे. पॅनेलच्या खालच्या शिवणीवर गंजाचा फुगवटा असेल तर तो नीट पाहा. तिथे ओल लागत असेल, तर पत्रा आतून खाल्ला गेला आहे. अशा रेडिएटरवर लांबी (पुट्टी) भरून रंग देण्यात अर्थ नाही, तो बदलायलाच हवा.

हवा काढणं

हे काम प्रत्येकाला यावं असं मला मनापासून वाटतं. साहित्य म्हणजे रेडिएटरची छोटी चौकोनी चावी, एक फडकं आणि एक भांडं. काही नव्या रेडिएटरना चावीऐवजी साधा स्क्रूड्रायव्हर चालतो.

हीटिंग आणि पंप बंद करून रेडिएटर निवू द्या. पंप चालू असताना झडप उघडली तर काही ठिकाणी हवा बाहेर पडण्याऐवजी आत ओढली जाते, आणि गरम पाण्याने हात भाजतो तो वेगळाच. वरच्या टोकाच्या हवा-झडपेत चावी बसवा, खाली भांडं धरा आणि चावी घड्याळाच्या उलट दिशेने पाव ते अर्धा फेराच फिरवा. फुस्स आवाज येईल. आधी हवा, मग पाण्याचे थेंब उडत हवा आणि शेवटी सलग पाणी, असा क्रम असतो. सलग धार लागली की झडप बंद करा. ती करकचून आवळू नका, कारण आतली टोकदार पिन आणि तिची बैठक मऊ धातूची असते. घरात मजले असतील तर खालून वर जा.

त्यानंतर बॉयलरवरचा दाब बघा. बंदिस्त यंत्रणेत थंड अवस्थेत तो साधारण १ ते १.५ बार (दाबाचं एकक) असतो. हवा काढल्यावर तो उतरतो, मग भरणीच्या नळाने पाणी सोडून पुन्हा तेवढाच आणायचा. माळ्यावर टाकी असलेल्या जुन्या यंत्रणेत हे पाणी आपोआप भरलं जातं.

एकाच रेडिएटरमध्ये पुन्हा पुन्हा हवा साचत असेल तर मात्र फक्त चावी फिरवत बसू नका. ती हवा बरेचदा हायड्रोजन असते. आतलं लोखंड पाण्याशी रासायनिक क्रिया करून काळं मॅग्नेटाइट बनवतं आणि त्यातून हायड्रोजन सुटतो. तो ज्वलनशील असल्याने हवा काढताना जवळ काडी किंवा लायटर पेटवू नका. यावर उपाय म्हणजे पाण्यात गंजरोधक द्रावण, म्हणजे इनहिबिटर, घालणं. दाब सारखा उतरत असेल तर गळती शोधा. दर वेळी भरलेलं ताजं पाणी सोबत नवा ऑक्सिजन आणतं आणि तो पुन्हा लोखंड खातो. वरचेवर पाणी भरावं लागणं हाच मुळात आजार समजावा.

चिकटलेला व्हॉल्व्ह

तापमान ठरवणारा, आकडे असलेला थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह उन्हाळाभर बंद राहिला की आतली पिन दाबलेल्या अवस्थेतच चिकटते आणि रेडिएटर तापत नाही. डोकं पूर्ण उघडं करा आणि खालची कडी सैल करून उचला. आत बारीक पिन दिसेल. पान्याच्या सपाट बाजूने ती सरळ दाबा. ती दोन-तीन मिलिमीटर आत जाऊन आपोआप वर यायला हवी. येत नसेल तर व्हॉल्व्हच्या अंगाला बाजूने हलके ठोके द्या, सिलिकॉनच्या तेलाचा एखादा थेंब सोडा आणि पुन्हा दाबा. पक्कडीने पिन ओढू मात्र नका. काही प्रकारांत ती बाहेर येते आणि मागोमाग पाण्याची पिचकारी उडते. हीटिंगचा हंगाम संपला की ही डोकी पूर्ण उघडी ठेवायची, म्हणजे पिन चिकटत नाही.

दांड्याजवळून थेंब येत असतील तर तिथला छोटा दाब-नट अगदी थोडा, फेऱ्याच्या आठव्या भागाइतका आवळा. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं.

पाण्याची वाटणी सुधारायची असेल तर दुसऱ्या टोकाचा, प्लॅस्टिकच्या टोपीखालचा लॉकशील्ड व्हॉल्व्ह वापरायचा. जो रेडिएटर सर्वांत आधी तापतो त्याचा थोडा बंद करा, सर्वांत उशिरा तापणाऱ्याचा पूर्ण उघडा ठेवा. एका वेळी पाव फेराच फिरवा आणि परिणाम दिसायला पुरेसा वेळ द्या. या कामात घाई केली की सगळं घर बिघडतं.

गाळ असेल तर रेडिएटर उतरवावाच लागतो

रंगासाठी रेडिएटर काढणारच असाल तर गाळही त्याच वेळी धुऊन घ्या. पॅनेलच्या मागची भिंत रंगवायची असेल किंवा मागचा पत्रा गंजला असेल तरीही तो उतरवणंच बरं. फक्त समोरचा भाग सुधारायचा असेल तर जागेवर काम होतं. बिडाचा रेडिएटर शक्यतो जागेवरच रंगवा. मोठा बिडाचा रेडिएटर शंभर किलोच्या पुढे जाऊ शकतो, आणि त्याचे जुने जोड एकदा हलले की सहज पुन्हा बसत नाहीत.

उतरवण्याच्या आदल्या दिवशी हीटिंग बंद ठेवा. थर्मोस्टॅटिक डोकं काढून जागी हाताने बंद करायची टोपी बसवा. डोकं शून्यावर किंवा बर्फाच्या खुणेवर फिरवून निर्धास्त राहू नका. खोली फार थंड झाली की गोठणं टाळण्यासाठी ते स्वतःहून उघडतं, आणि पाइप तेव्हा मोकळा असेल तर घरात पाणी होतं. लॉकशील्ड बंद करताना किती फेरे लागले ते मोजून चिकटपट्टीवर लिहा आणि ती तिथेच लावून ठेवा. परत तेवढेच फेरे उघडले की घरातली पाण्याची वाटणी जशीच्या तशी राहते.

खाली जुन्या चादरी, त्यावर प्लॅस्टिक, त्यावर पसरट तसराळं. आतलं पाणी शाईसारखं काळं असू शकतं आणि गालिच्यावरचा तो डाग निघत नाही. आता जोडाचा नट सोडवायचा. एका पान्याने व्हॉल्व्हचं अंग घट्ट धरायचं आणि दुसऱ्याने नट फिरवायचा. नुसता नट ओढला तर ताण पाइपावर जातो आणि जमिनीखालचा जोड गळू लागतो. संपूर्ण कामातली ही सर्वांत महत्त्वाची सूचना आहे. नट सैल झाला की वरची हवा-झडप हळूहळू उघडा, म्हणजे हवा आत जाऊन पाणी नियंत्रणात उतरेल. झडप बंद केली की धार थांबते, त्यामुळे तसराळं रिकामं करायला उसंत मिळते.

पाणी संपल्यावर दुसरा नट सोडवा. तोंडांत चिंध्या कोंबा आणि दोघांनी मिळून रेडिएटर ब्रॅकेटवरून सरळ वर उचला. भिंतीकडच्या व्हॉल्व्हच्या तोंडांवरही बंद टोप्या बसवा. बाहेर नेऊन एका तोंडातून नळी लावून पाणी सोडा, रेडिएटर आलटून पालटून कलंडवा आणि रबरी हातोड्याने हलकेच ठोका. निघणारं पाणी स्वच्छ होईपर्यंत हे करत राहा. रंगकाम लांबणार असेल तर तोंडं बंद ठेवा. ओला आणि हवेला उघडा पत्रा आतून झपाट्याने गंजतो.

जुन्या रंगातलं शिसं

घासायला सुरुवात करण्यापूर्वी हा प्रश्न सोडवायलाच हवा. अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर १९७८ मध्ये बंदी आली. इतर देशांत ती वेगवेगळ्या वेळी आली. घर किंवा रेडिएटर त्या काळाआधीचा असेल तर खालच्या थरांत शिसं आहे असं धरून चाला. शंका असेल तर तपासणी-संच वापरा किंवा रंगाचा तुकडा प्रयोगशाळेत द्या. शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूला आणि गर्भाला इजा करते, म्हणून मुलं आणि गरोदर स्त्रिया या कामाच्या खोलीत नकोत.

शिसं असेल तर कोरडं घासणं, ग्राइंडर आणि गरम हवेची बंदूक तिन्ही वर्ज्य. जुना रंग घट्ट असेल तर पाण्यात भिजवलेल्या सँडपेपरने वरवर खडबडीत करून त्याच्यावरच रंग देणं सर्वांत सुरक्षित. सुटे पोपडे ओले करून खरवडा, बारीक धूळ अडवणारा मास्क घाला, कचरा पिशवीत बांधा आणि ओल्या फडक्याने पुसा. सगळाच रंग काढायचा असेल तर ते काम या धुळीची व्यवस्था असलेल्या कारागिराकडे सोपवा. बिडाचा रेडिएटर वाळूच्या माऱ्याने साफ करून घेताना त्याची तोंडं बंद केलीत ना, हे विचारून घ्या. आत गेलेली वाळू पुढे पंपात पोहोचते.

घासणं: इथे वेळ घाला

रंग टिकतो की नाही ते बहुतांशी इथेच ठरतं. रेडिएटर थंड आणि बंद हवा. आधी धूळ काढा. पॅनेलच्या आतल्या पन्हाळी पत्र्यात आणि बिडाच्या खांबांमध्ये वर्षांची जळमटं असतात. लांब बारीक ब्रश आणि व्हॅक्यूम क्लीनर लावून ती ओढून घ्या. नुसत्या या सफाईनेही हवा मोकळी फिरते आणि खोली लवकर तापते.

मग कोमट पाण्यात सौम्य साबण घालून धुवा आणि स्वच्छ पाण्याने पुसा. धुणं घासण्याच्या आधीच करायचं, कारण तेलकट थर तसाच ठेवून सँडपेपर चालवला तर तो तेलकटपणा ओरखड्यांत खोल बसतो आणि तिथे रंग धरत नाही.

जुना रंग किती घट्ट आहे हे बघायला सोपी चाचणी आहे. ब्लेडने फुलीसारखे दोन छेद द्या, त्यावर चिकटपट्टी दाबून लावा आणि झटक्यात ओढा. पट्टीला रंग चिकटून आला तर तो भाग खरवडूनच काढायला हवा. नाही आला तर नुसतं घासून पुढे जा.

गंजाच्या जागी तारेचा ब्रश आणि ८० ते १२० नंबरचा सँडपेपर वापरा. पोपडा जिथे संपतो ती कड बोटाला जाणवणार नाही इतकी सपाट करा, नाहीतर नव्या रंगाखालून तिचा नकाशा दिसत राहतो. उरलेल्या पृष्ठभागाची चकाकी १८० ते २४० नंबरने मोडा. खड्ड्यांत राहिलेला गंज निघत नसेल तर गंज-रूपांतरक द्रव लावा. टॅनिक किंवा फॉस्फोरिक आम्लामुळे तो गंज स्थिर थरात बदलतो. भिंतीची लांबी इथे चालत नाही, गरमीने ती सुटते. खळगा भरायचाच असेल तर उष्णता सोसणारं, धातूसाठीचं फिलर घ्या.

शेवटी ओलसर फडक्याने धूळ टिपा आणि पूर्ण वाळू द्या. उघड्या पडलेल्या लोखंडावर त्याच दिवशी प्रायमरचा हात द्या. दमट हवेत एका रात्रीत पुन्हा गंजाची लाली चढते.

कोणता रंग, आणि चंदेरी का नको

गरम पाण्याचा रेडिएटर क्वचितच ८० अंशांच्या वर जातो, त्यामुळे भट्टी-शेगडीसाठीचे अतिउष्णतेचे रंग घ्यायची गरज नाही. उघड्या धातूवर झिंक फॉस्फेटचा किंवा धातूसाठीचाच दुसरा गंजरोधक प्रायमर, आणि वर रेडिएटरसाठीचा इनॅमल पुरतो. पांढरा रंग हवा असेल तर पाण्यात मिसळून वापरायचा ॲक्रिलिक इनॅमल घ्या, असं मी सुचवेन. तेलाच्या रंगाचा थर कडक आणि गुळगुळीत होतो खरा, पण पांढरा तेलरंग उष्णतेने पिवळा पडतो. भिंतीचा इमल्शन धातूवर देऊ नका.

गडद रंग दिला की रेडिएटर जास्त ऊब देईल, हा समज चुकीचा आहे. ७० अंशांवरची वस्तू जी उष्णता किरणांनी टाकते ती डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त पट्ट्यात असते, साधारण ८ ते ९ मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपास. त्या पट्ट्यात पांढरा, काळा, निळा हे सगळे साधे रंग जवळपास सारखेच वागतात. त्यांची उत्सर्जनक्षमता, म्हणजे किरणांनी उष्णता टाकण्याची क्षमता, ०.९ च्या आसपास असते. अपवाद धातूची भुकटी असलेल्या रंगांचा. ॲल्युमिनियमचा चंदेरी किंवा ब्राँझचा सोनेरी थर किरणांनी जाणारी उष्णता निम्म्याच्या आसपास आणू शकतो. पन्हाळी पत्र्याच्या पॅनेलमध्ये बरीचशी ऊब हवेच्या प्रवाहातून जाते, म्हणून तिथे नुकसान कमी. सपाट पॅनेल आणि बिडाच्या खांबांत ते जाणवतं.

यात महत्त्व फक्त सर्वांत वरच्या थराला असतं. जुना चंदेरी रंग घट्ट असेल तर तो खरवडायची गरज नाही, वर साधा इनॅमल दिला की उत्सर्जन पूर्ववत होतं. थर जाड झाल्याने ऊब अडते ही भीतीही फारशी खरी नाही. चार-पाच हात मिळूनही अर्धा मिलिमीटर भरत नाहीत. जाड थरांचा खरा तोटा म्हणजे बिडावरची नक्षी बुजते आणि रंग तडकतो.

रंग देणं

रेडिएटर थंड, खोली साधारण १० ते २५ अंश आणि हवा फार दमट नको. हीटिंगचा हंगाम सुरू होण्यापूर्वीचे दिवस उत्तम. कोमट रेडिएटरवर रंग लवकर वाळेल असं वाटतं, पण तो ब्रशखालीच सुकतो आणि रेघा राहतात.

मागच्या भिंतीसाठी पुठ्ठा सरकवा. व्हॉल्व्ह, नट, आटे, हवा-झडप आणि थर्मोस्टॅटिक डोकं टेपने झाका. नटावर रंग चढला तर पुढच्या वेळी पाना घसरतो, आणि झडपेचं छिद्र बुजलं तर हवा काढता येत नाही.

अवघड जागा आधी. वाकड्या मानेच्या, लांब दांड्याच्या ब्रशने खांबांच्या आतल्या बाजू, मागचा भाग आणि खालच्या कडा करा. मग वरून खाली येत समोरचा भाग. सपाट पॅनेलला फोमचा छोटा रोलर छान पोत देतो. ब्रशवर रंग कमीच घ्या. दोन पातळ हात एका जाड हातापेक्षा कधीही चांगले. दर काही मिनिटांनी मागे जाऊन खालच्या कडा आणि खोबणी बघा, ओघळ तिथेच जमतात. ओला ओघळ ब्रशच्या टोकाने उचलता येतो. अर्धवट वाळला असेल तर हात लावू नका, पूर्ण वाळल्यावर घासून काढा.

रंगाच्या दोन हातांमधला वेळ डब्यावर लिहिलेला पाळा. पाण्याच्या रंगाला बहुधा काही तास, तेलाच्या रंगाला रात्रभर लागते. मधे २४० ते ३२० नंबरचा सँडपेपर हलकेच फिरवून धूळ पुसा. स्प्रे वापरायचा असेल तर रेडिएटर उतरवून उघड्यावर न्या, २५-३० सेंटिमीटरवरून सतत हात हलवत मारा आणि मास्क विसरू नका.

वाफेचा रेडिएटर असेल तर

त्याला चावीने हवा काढण्याचा प्रकार लागू नाही. बाजूला स्वयंचलित हवा-निकास असतो. त्यावर रंगाचा थेंबही जाऊ देऊ नका. एकाच पाइपाच्या रेडिएटरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंदच ठेवायचा. अर्धवट ठेवला तर निवलेलं पाणी परत जाऊ शकत नाही. आतून धाडधाड आवाज येत असेल तर रेडिएटरचा उतार व्हॉल्व्हच्या दिशेने आहे का ते लेव्हलने बघा. नसेल तर दूरच्या पायांखाली पातळ पट्ट्या सरकवा. हे रेडिएटर १०० अंश आणि थोडं वर तापतात, म्हणून रंग निवडताना डब्यावरची उष्णतेची मर्यादा वाचा.

परत जोडणं आणि पहिली ऊब

उतरवलेला रेडिएटर बसवण्याआधी जोडांच्या बैठकी स्वच्छ पुसा, तिथे रंगाचा कण नको. रेडिएटरमध्ये बसणाऱ्या तुकड्याच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळा. नट आवळताना पुन्हा दोन पाने. लॉकशील्ड चिकटपट्टीवर लिहिल्याइतके फेरे उघडा, दुसरा व्हॉल्व्ह उघडा, हवा काढा, दाब १ ते १.५ बारवर आणा. पाणी बरंच गेलं असेल तर डब्यावरच्या प्रमाणात गंजरोधक पुन्हा घाला.

शेवटच्या हातानंतर निदान २४ तास, जमलं तर दोन दिवस, हीटिंग लावू नका. पहिल्यांदा लावताना तापमान कमी ठेवा, खिडक्या उघडा आणि ते टप्प्याटप्प्याने वाढवा. थोडा वास येईल, तो काही वेळ राहून विरतो. रंग वरून कोरडा वाटला तरी आतून कडक व्हायला आणखी दिवस लागतात, म्हणून पहिला आठवडा त्यावर टॉवेल किंवा कपडे टाकू नका. गरम झाल्यावर, मग पूर्ण निवल्यावर, आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी प्रत्येक जोडाभोवती टिश्यू पेपर फिरवा. धातू प्रसरण पावून आकसतो, तेव्हाच बारीक गळती उघडी पडते.